उमाआत्या आणि तरसवाडीचा नारू

उमाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि बाविसाव्या वर्षी तिला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. घातलं असंच म्हणायला हवं, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. माझे वडील विष्णुपंत साताऱ्याच्या कोर्टात कारकून होते. बहिणीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं त्यांना मनापासून वाटे, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रवेशाच्या वेळी एक करार लिहून द्यावा लागला. ट्रेनिंग संपल्यावर पाच वर्षं लोकल बोर्ड पाठवील त्या गावी नोकरी करायची. मध्येच सोडली तर सर्टिफिकेट रद्द. त्या कागदावर आत्याची सही होती आणि खाली वडिलांची.

त्रेचाळीसच्या जूनमध्ये तिला तरसवाडीला पाठवलं. दहिवडीपासून चार कोस आत, माणच्या माळावर धनगरांची नि शेतकऱ्यांची मिळून साठ-सत्तर घरं. तिथले सयाजी मास्तर पलटणीत भरती झाले होते. लढाईमुळे मास्तर मिळेनात, म्हणून बोर्डानं बाईला धाडलं. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून आत्या कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीला उतरली आणि तिथून बैलगाडीनं गावात पोचली. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून एक खोली आणि पुढं ओसरी. पटावर एक्केचाळीस मुलं, त्यात मुली अकरा.

दगडाबाई नावाच्या म्हातारीच्या घरात तिला एक खोली मिळाली. दगडाबाईचे दोन्ही मुलगे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं जात, ते आखाडाच्या तोंडाला परतत. म्हातारी एकटीच असे. तिचा डावा पाय घोट्यात आखडलेला होता. आत्याला वाटलं, कधी पडली-बिडली असेल.

पहिलं वर्ष तिनं घराची आठवण काढत काढलं. तिनं पहिल्याच दिवाळीत बदलीचा अर्ज केला. उत्तर आलं, करार पुरा होईतो बदलीचा विचार होणार नाही.

मग शिमगा जवळ आला आणि शाळेतली मुलं गळायला लागली. रोज दोन, रोज तीन. आत्यानं पट काढून पाहिलं तर एक्केचाळिसातली सतरा मुलं अंथरुणाला खिळलेली. कुणाच्या घोट्यावर फोड, कुणाच्या नडगीवर. फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी डोकं काढी. आया ते टोक बाभळीच्या काटकीला गुंडाळत आणि रोज थोडं थोडं ओढत. पोर किंचाळे. हे महिना-महिना चाले.

"नारू हाय त्यो," दगडाबाई म्हणाली. "आमच्याकडं ह्याच दिसांत निगतो. देवाची काठी हाय बाई. माजा पाय कशानं ग्येला वाटतंय तुमास्नी?"

आत्याला ट्रेनिंग कॉलेजातला एक तास आठवला. एक डॉक्टर येऊन व्याख्यान देऊन गेले होते. बाकीच्या मुली पेंगत होत्या, पण आत्यानं वहीत उतरून घेतलं होतं. ट्रंकेच्या तळातून तिनं ती वही काढली. नारू पाण्यातून येतो. नारू झालेला पाय पाण्यात बुडला की त्यातून डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना पाण्यातले बारीक किडे खातात. ते पाणी माणूस प्यायला की किडा पोटात जातो, आणि वर्षानं नारू पायातून बाहेर येतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यावं. एवढंच होतं, दीड पान.

तरसवाडीची विहीर पायऱ्यांची होती. बायका घागर घेऊन खाली उतरत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहत, घागर बुडवून वर येत. नारूच्या फोडाची आग होते, ती थंड पाण्यानं शमते, म्हणून पोरंही पाय सोडून तिथंच बसत. सगळा गाव तेच पाणी पिई.

सगळा म्हणजे वेशीच्या आतला. शाळेच्या ओसरीवर वेगळी बसवली जाणारी पाच मुलं होती. त्यांच्या वस्तीला या विहिरीची पायरी उतरू देत नसत. ती माणसं ओढ्याच्या वाळूत खड्डा काढून झिरपलेलं पाणी वाटी-वाटीनं भरत. आत्यानं पटावर पुन्हा बोट फिरवलं. त्या पाचांपैकी एकही लंगडत नव्हतं. वहीत लिहिलेलं खरं आहे, याची तिला तेव्हा खात्री पटली. पण हा पुरावा गावात बोलून दाखवायची सोय नव्हती. बोलली असती तर त्या पाच मुलांची ओसरीही गेली असती.

चव्वेचाळीसच्या जूनपासून तिनं नारू शिकवायला घेतला. चौथीपर्यंतच्या पुस्तकांत आरोग्याचे धडे होते, नखं कापावीत, दात घासावेत, उघड्यावरचं खाऊ नये. नारूचं नाव कुठंच नव्हतं. आत्यानं औषधाची एक रिकामी पांढऱ्या काचेची बाटली स्वच्छ धुतली, विहिरीच्या पाण्यानं भरली आणि मुलांना उन्हात नेऊन दाखवली. पाण्यात बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"बाई, ह्ये जित्तं हाय!" साळू ओरडली. साळू म्हणजे अर्जुना मेंढक्याची मुलगी, दहा वर्षांची, शाळेतली सगळ्यांत धीट. मग आत्यानं पदराची दुहेरी घडी केली, तेच पाणी गाळलं आणि पुन्हा बाटली उन्हात धरली. ठिपके नव्हते.  मग साळूनं विचारलं, "मंजी आमी इतकं दीस ह्येच पीत हुतो?"

त्या पावसाळ्यात आत्या रोज अर्धा तास हेच शिकवी. आणि त्या मार्गशीर्षात शाळा तपासायला दिपोटी आले.

दिपोटी म्हणजे शिक्षणखात्याचे तपासणीस, सारा तालुका त्यांना तसंच म्हणे. त्यांनी चौथीला हिंदुस्थानातल्या नद्या विचारल्या. मुलं अडखळली. पाढे विचारले, एकोणतीसला गाडी रुतली. मग त्यांनी हसून विचारलं, "बरं, तुम्हांला येतं तरी काय?" साळू उभी राहिली आणि तिनं नारू सगळाच्या सगळा सांगितला, पायातून पाण्यात, पाण्यातून किड्यात, किड्यातून पोटात.

दिपोटींनी आत्याकडं पाहिलं. "हे कुठल्या क्रमिकातलं?"

"क्रमिकात नाही. आरोग्याच्या तासाला शिकवते."

"आरोग्याच्या तासाला नखं नि दात. विहिरीचं पाणी हे आरोग्यखात्याचं काम. तुम्ही शिक्षिका आहात, सॅनिटरी इन्स्पेक्टर नव्हे."

"पण साहेब, शिमग्यात सतरा मुलं शाळेत येऊ शकली नाहीत. त्यांना नद्या तरी कधी शिकवू?"

त्यांनी टाक उचलला. शेरेबुकात लिहिलं, 'अभ्यासक्रमाबाहेरील विषयात वेळ दवडू नये. पुढील तपासणीत सुधारणा न दिसल्यास वर कळविण्यात येईल.' त्याखाली आत्याला सही करायला लावली. जाता जाता म्हणाले, "तुमचा बदलीचा दुसरा अर्ज पोचलाय. आधी हे निस्तरा."

आत्या म्हणे, त्या दिवशी दिपोटींची घोडी माळावरून दिसेनाशी होईपर्यंत ती ओसरीवर उभी होती. वाटलं, आपणही तशाच चालत सुटावं. पण जायचं कुठं? सर्टिफिकेटाशिवाय ती पुन्हा भावाच्या घरातली विधवा बहीण होती.

नारूचा तास तिनं बंद केला. दिपोटींच्या शब्दाबाहेर जायची तिची छाती नव्हती, ती तसं कबूलही करी. मग तिला शिवण आठवलं. शिवणकाम अभ्यासक्रमात होतं. मुलींना दुमड घालायला शिकवायची, तर रुमालाला घाला नाहीतर गाळणीच्या फडक्याला घाला, सुईला काय त्याचं? गणितात ती उदाहरणं घाली, वाडीत साठ घरं, दर घरी दोन घागरी, तर गाळलेल्या घागरी किती. शुद्धलेखनाला वाक्य देई, 'दुखरा पाय पाण्यात बुडवू नये.' शेरेबुकात बोट ठेवायला जागा नव्हती.

अडलं ते फडक्यांवाचून. लढाईमुळे कापड कंट्रोलवर होतं. दहिवडीच्या दुकानात रेशनचं धोतर यायचं तेही वर्षातून एकदा. गावचे पाटील नानासो शाळा कमिटीचे अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. आत्या त्यांच्याकडं गेली तेव्हा ते स्वतःच डोक्याचं विरलेलं मुंडासं अंगावर पांघरून बसले होते.

"बाई, अंगावर घालायला कापड न्हाई, तितं पाण्याला कुटलं घालू?"

"मग पायऱ्या तरी बंद करा. वरून रहाटानं पाणी ओढू दे."

"पायऱ्या माज्या पणज्यानं बांदल्यात. त्या मी बुजवू? आन् रहाट कोन बशिवनार, तुमी?"

आत्या परत आली आणि तिनं आपलं एक नऊवारी लुगडं ट्रंकेतून काढून फाडलं. तिच्याकडं तीन होती. अकरा मुलींनी त्याची एकोणतीस फडकी शिवली. काही घरी वापरली गेली, काहींची लंगोटी झाली, एक दगडाबाईनं देव पुसायला घेतलं. एकोणतीस घरांपैकी नऊ घरं पाणी गाळू लागली. पंचेचाळीसच्या शिमग्यात सोळा मुलं नारूनं पडली. सतराची सोळा. आत्याला माहीत होतं, नारूला वर्ष लागतं, हे मागच्या साली प्यालेलं पाणी आहे. पण गावाला हे कसं सांगायचं?

त्याच फाल्गुनात साळूचं लग्न झालं. अकरा वर्षांची होती. आत्या अर्जुनाला सांगायला गेली की पोरगी हुशार आहे, चौथी तरी होऊ दे. अर्जुना म्हणाला, "आवं बाई, ठरलेलं हाय." लग्न नवऱ्या मुलाच्या वाडीत होतं, तीन कोसांवर. आत्याला गाडीतून मानानं नेलं. मांडवात पाटावर बसवलं आणि साळूच्या सासूनं पितळेचा तांब्या भरून पुढं केला.

आत्याकडं फडकं नव्हतं. पदर होता. ती विहीर येताना तिनं पाहिली होती, पायऱ्यांचीच. चाळीस-पन्नास बायका बघत होत्या, आणि शेजारी हळदीनं माखलेली साळू मान खाली घालून बसली होती. पदर तांब्यावर धरला असता तर अर्थ एकच, तुमच्या घरचं पाणी आम्हांला चालत नाही. ब्राह्मणाच्या बाईनं धनगराच्या मांडवात पाणी गाळून प्यावं! तिनं सांगितलेला किडा-बिडा कुणी ऐकला नसता. आणि त्याचा वचपा साळूवर निघाला असता.

साळूनं वर पाहिलं. तिला कळत होतं. आत्यानं तांब्या उचलला आणि पाणी प्याली.

पुढचं वर्षभर ती दिवस मोजत होती. कुणाला बोलली नाही. शेचाळीसच्या होळीला दोन दिवस होते, सकाळी उठली तर उजव्या घोट्याच्या वर आगीचा चटका बसल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत फोड आला.

गावभर झालं, "मास्तरीणबाईलाच नारू झाला!" पाणवठ्यावर बायका हसल्या. ज्या नऊ घरांत पाणी गाळत त्यांतल्या पाच घरांनी फडकी काढून टाकली. एक बाप येऊन दारात म्हणाला, "बाई, तुमी तर गाळून पीत हुता नव्हं? मंग?" मांडवातल्या तांब्याचं कारण सांगितलं असतं तर साळूच्या सासरचं नाव निघालं असतं. 

फोडाची आग इतकी होई की रडू येई. दगडाबाई म्हणे, "चला, इहिरीत पाय सोडू, गार वाटंल." आत्या नको म्हणे. खाटेच्या पायाला धरून बसे. चालता येत नव्हतं, पण शाळा बंद ठेवली तर गैरहजेरी लागली असती. रजेचा अर्ज केला तर डॉक्टरचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी दहिवडीला जायला हवं, चार कोस गाडीत. म्हणून शाळाच दगडाबाईच्या अंगणात आली. आत्या उंबऱ्यात पाय लांब करून बसे, काटकीला गुंडाळलेला नारू घोट्यावर बांधलेला, आणि समोर मुलं. आता अभ्यासक्रमाबाहेरचा विषय लपवता येणंच शक्य नव्हतं.

एक दिवस हरणाबाई आली. साळूची आई. तिच्याही पायात नारू होता. ती उंबऱ्यापाशी बसली आणि जरा वेळानं म्हणाली, "बाई, तुमी म्हंता दुखरा पाय पान्यात घालू नगा. बरूबर हाय. पर पानी कोन आनंल? तुमास्नी दगडाआक्का आनून देती. मला कोन देतंय? मालक मेंढरामागं. पोरगी दिली सासरी. मी न्हाई उतरले तर लेकरं तान्हेली ऱ्हात्यात."

आत्या दोन वर्षं बाटली नि फडकं घेऊन बसली होती. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नारूची बाई मुद्दाम विहिरीत उतरत नव्हती. तिला उतरावंच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतल्या मुलींना जवळ घेतलं. साळू गेल्यामुळे दहा होत्या, त्यात चौघींचे पाय दुखरे. उरलेल्या सहाजणींनी पाळी लावली. ज्या घरात नारू असेल त्या घराच्या दोन घागरी या मुलींनी भरून द्यायच्या. नारूचं माणूस पायरीवर यायचं नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास. आत्यानं त्याला नाव दिलं व्यायाम, तो अभ्यासक्रमात होता.

नानासो पाटील चिडून आले. "पोरी शाळेत शिकाया धाडतो का लोकांचं पानी भराया?"

"पाटील, तुमच्या सूनबाईंना परवापासून नारू आहे ना?"

"हाय. त्याचं काय?"

"त्यांचं पाणी आज कोणी आणलं?"

 सकाळपासून घरात पाणी आलेलं नव्हतं, हे पाटलांना तहानेनं कळलेलं होतं. ते तसेच परतले. दुसऱ्या दिवशी मुलींनी त्यांच्याही घरी घागरी पोचवल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या नाहीत.

मे महिन्याची सुटी लागली तेव्हा वडील आत्याला न्यायला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. मी अकरा वर्षांची होते. तरसवाडीला पोचलो ते दुपारी. मला आत्या ओळखूच आली नाही. तोंड काळवंडलेलं, हातांच्या काड्या झालेल्या. तिनं मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "चारू, इथलं पाणी न गाळता पिऊ नकोस."

वडील म्हणाले, "उमे, गाडी थांबवून ठेवलीय. उद्या पहाटे निघू. साताऱ्यात डॉक्टरला दाखवू."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरले नाही. इतका वेळ बंद असलेलं दार कुणी उघडावं तसं. पण गाडीच्या धक्क्यांत पायाला लोंबणारा नारू तुटेल ही भीती होती. अजून वीतभर आत होता. रोज एक बोट ओढायचा, त्याहून जास्त नाही, हे तिनंच गावाला शिकवलेलं. त्या संध्याकाळी तिनं काटकी हातात घेतली आणि ओढायला लागली. चार बोटं झाली, पाच झाली. दगडाबाई म्हणाली, "बाई, फुरं." आत्या थांबली नाही. "आज निघेल. मला जायचंय." सहा बोटं. मी बघत होते. मग तो दोरा एकदम सैल पडला.

 आत्यानं काटकीकडं पाहिलं आणि ती जमिनीवर ठेवली.

सकाळपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. ताप चढला. गाडी परत गेली. वडिलांनी दहिवडीच्या दवाखान्यातून डॉक्टरला घोड्यावर बसवून आणलं, त्यांनी पू काढला आणि सांगितलं, हलवायचं नाही. आम्ही आठ दिवस राहिलो. वडिलांची रजा संपली, आम्ही निघालो. आत्या खाटेवरून दारातून दिसत होती. तिनं हात केला नाही. ती सगळी सुटी तिनं त्या खोलीत काढली. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला.

जूनमध्ये ती काठी घेऊन शाळेत गेली. मुलींच्या पाळ्या चालूच होत्या, पावसाळ्यात थांबल्या आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाल्या. लढाई संपल्यावरही कापड सुटं झालं नव्हतं. आत्याच्या दुसऱ्या लुगड्याची फडकी झाली. फडकी काढून टाकणारी पाच घरं परत गाळायला लागली का, तर दोन लागली, तीन नाही.

सत्तेचाळीसचा शिमगा आला. आत्या रोज सकाळी पट घेऊन बसे आणि एकेक नाव घेऊन रिकाम्या जागा मोजी. पहिल्या आठवड्यात एक गैरहजर. दुसऱ्यात आणखी एक. महिना संपला तेव्हा चार. पटावरच्या त्रेचाळीस मुलांत चार.

साळू मात्र माहेरी आली ती दोन्ही पायांत नारू घेऊन. सासरी तिनं एकदा पाणी गाळलं होतं. सासूनं फडकं चुलीत घातलं आणि म्हणाली, "आमचं पानी घान हाय व्हय गं?" त्यानंतर साळूनं गाळलं नाही. ती महिनाभर हरणाबाईच्या पडवीत पडून होती. मुलींनी तिच्या घरच्या घागरी भरल्या. पाय बरे झाल्यावर सासरा येऊन तिला घेऊन गेला. जाण्याआधी ती आत्याला भेटायला आली. दोघी बसल्या. आत्या म्हणे, मला तिला सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

त्याच सुमारास नवे दिपोटी आले. तरुण होते, डोळ्यांनी तिखट. त्यांनी पट उघडला आणि लगेच मिटला.

"बाई, शेजारच्या तीन शाळा मी पाहून आलो. निम्मी मुलं नारूनं घरी आहेत. तुमचा पट भरलेला. ह्या हजेऱ्या खोट्या आहेत."

आत्यानं पट त्यांच्या पुढं सरकवला. "मोजा साहेब."

"आज तपासणी म्हणून गोळा केली असतील. रोजचं काय?"

"मी खोटी हजेरी लावत नाही."

"असं सगळेच म्हणतात. मला वर लिहावं लागेल."

ती काठी टेकत त्यांच्या पुढं उभी राहिली. चार वर्षं काढली, पाय गेला, आणि आता खोटेपणाचा शेरा घेऊन जायचं!  तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष म्हणून बोलावलेले नानासो पाटील ओसरीवरून उठले.

"सायेब, जरा इहिरीवर चला."

शाळा सुटायची वेळ झालीच होती. दिपोटी विहिरीवर गेले. पायऱ्यांच्या तोंडाला दोन म्हातारे बसले होते. पाटलांनी त्यांना शिमगा होईतो तिथं बसवलं होतं, हे आत्यालाही त्या दिवशीच कळलं. कुणी पायाला चिंधी बांधून आलं की म्हातारे त्याला वरच थांबवत. मुली खाली उतरत, घागर भरून आणत, वर फडक्यातून दुसऱ्या घागरीत ओतत.  मग त्यांनी एका मुलीला विचारलं, "हे का करतेस?" तिनं सगळं सांगितलं, पायातून पाण्यात, पाण्यातून किड्यात.

परत आल्यावर ते आत्याला म्हणाले, "हे सगळं लिहून द्या." आत्यानं ट्रंकेतून दोन पानं काढून दिली. ती लिहून तयारच होती, वर्षभरापासून.

"मी हे सगळ्या शाळांना पाठवायचा प्रयत्न करतो. बदलीचे तीन अर्ज दिसतात तुमचे?"

"हो." ती काठीवर पुढं झुकली. "मंजूर करा साहेब. पाय असा झाला आहे. कोरेगाव, वाई, कुठंही चालेल."

दिपोटी हसले. त्यांना खरंच तिचा गौरव करायचा होता. "बाई, तुमच्यासारख्या शिक्षिकेला इथून हलवलं तर हे कोण चालवणार? तुम्ही इथंच हव्यात. मी तशी खास शिफारस करतो."

तशी शिफारस झाली. आत्याच्या दोन पानांतली एक ओळ पुढच्या वर्षी तालुक्यातल्या शिक्षकांच्या सूचनापत्रकात आली, 'मुलांस पाणी गाळून पिण्यास सांगावे.' पाण्यात पाय बुडवण्याबद्दल, मुलींच्या पाळ्यांबद्दल, हरणाबाईनं विचारलेल्या प्रश्नाबद्दल त्यात काही नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जळाली. वाईचं आमचं वडिलोपार्जित घरही गेलं. तरसवाडीत आत्याच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. नानासो पाटील आणि दगडाबाई तीन दिवस तिच्या दारात बसून होते. जूनमध्ये करार संपला. आता ती मोकळी होती, पण जायला घर उरलं नव्हतं. साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून आम्ही सांगलीला दोन खोल्यांत आलो होतो. वडिलांनी पत्रात 'ये' असं लिहिलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. ती आणखी एक वर्ष तिथंच राहिली.

म्हातारपणी ती माझ्याकडं सांगलीला होती. कुणी भेटायला आलं की तरसवाडीचं नाव काढी आणि म्हणे, केवढा त्याग केलात तुम्ही.  एकदा ते लोक गेल्यावर ती म्हणाली, "चारू, मला तिथं राहायचं नव्हतं गं. एक दिवससुद्धा. जे केलं ते खरं आहे. पण राहिले ते सुटता आलं नाही म्हणून."

एकोणपन्नासच्या जूनमध्ये कोरेगावला बदलीचा हुकूम आला. सयाजी मास्तर पलटणीतून परत आले होते, ते शाळा घेणार होते. गावानं दुसऱ्या दिवशी पानसुपारी ठरवली. पाटलांनी दहिवडीहून हार मागवला, बायकांनी पुरणाचं घातलं. आत्यानं हुकूम वाचला, मुलींच्या पाळ्यांची यादी सयाजी मास्तरांच्या हातात दिली, ट्रंक बांधली आणि दहिवडीच्या बाजाराला निघालेल्या एका रिकाम्या गाडीत बसून त्याच दुपारी निघून गेली.